विमानाची खिडकी: आधी बाजू ठरवावी, मग ओळ

काही वर्षांपूर्वी दिवसाउजेडी होणाऱ्या चार तासांच्या एका प्रवासासाठी मी जादा पैसे भरून खिडकीची सीट राखून ठेवली होती. वाटेत बर्फाची डोंगररांग लागणार होती, आकाश निरभ्र होते आणि बाजूही मी विचार करूनच निवडली होती. प्रत्यक्ष जागेवर जाऊन बसले, तेव्हा माझ्या खांद्याशेजारी खिडकी नव्हतीच. फिकट करड्या रंगाची सलग भिंत होती. पुढची खिडकी माझ्या गुडघ्यांच्याही पुढे होती आणि मागची खिडकी मान पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नव्हती. बुकिंगच्या वेळी पाहिलेल्या नकाशात मात्र त्या जागेवर खिडकीचेच चिन्ह होते. डोंगर आले आणि मागे पडले. मला ते पुढच्या प्रवाशाच्या कोपरापलीकडून, चार बोटे रुंदीच्या फटीतून दिसले. त्या प्रवासानंतर मी या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागले, आणि आता तिकीट काढल्यावर अर्धा तास नकाशापुढे बसल्याशिवाय मी जागा निवडत नाही.

त्या भिंतीचे कारण पुढे कळले. खिडक्या विमानाच्या सांगाड्यातील बरगड्यांच्या मधोमध बसवलेल्या असतात आणि त्या बरगड्यांमधले अंतर कारखान्यात कायमचे ठरलेले असते: बोइंग ७३७ मध्ये सुमारे ५१ सेंटिमीटर, एअरबस ए३२० मध्ये सुमारे ५३ सेंटिमीटर. सीटच्या ओळींमधले अंतर मात्र विमान कंपनी आपल्या सोयीने ठेवते आणि ते साधारण ७१ ते ८१ सेंटिमीटर असते. दोन्ही मापे जुळत नसल्यामुळे काही ओळींना दीड खिडकी मिळते, तर काहींच्या वाट्याला दोन खिडक्यांमधला भिंतीचा तुकडा येतो. याशिवाय ७३७ मध्ये पंखाच्या थोडे पुढे, विमानाच्या पोटातून छताकडे थंड हवा नेणाऱ्या नळ्या भिंतीतून वर जातात आणि तिथे एक खिडकी मुळातच गाळलेली असते. माझी सीट नेमकी त्या ठिकाणी होती. जागांची छायाचित्रे आणि प्रवाशांचे अनुभव देणारी संकेतस्थळे आहेत. विमानाचा प्रकार आणि सीटचा क्रमांक घालून ती एकदा पाहिली असती तर तो प्रवास वाया गेला नसता. आपत्कालीन दाराच्या ओळीत आणि अगदी शेवटच्या एकदोन ओळींतही अशी फसगत होऊ शकते.

परंतु ओळ ही नंतरची बाब आहे. पहिला प्रश्न बाजूचा, कारण बाजू चुकली तर उत्तमातली उत्तम खिडकीसुद्धा भलत्याच दिशेला उघडते. तोंड पुढे करून बसल्यावर ‘ए’ ही सीट नेहमी डाव्या टोकाला असते. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असलेल्या विमानात उजव्या टोकाला ‘एफ’ येते, आणि दोन वाटा असलेल्या मोठ्या विमानात बहुधा ‘के’. (अक्षरांच्या क्रमात ‘आय’ वापरत नाहीत, कारण ते आकड्यातल्या एकसारखे दिसते.) पूर्वेकडे जाताना उत्तर डाव्या हाताला आणि पश्चिमेकडे जाताना उजव्या हाताला येते, एवढे पक्के ध्यानात असले की अर्धे काम होते.

काठमांडूहून भूतानमधल्या पारोला जाणारे विमान पूर्वेकडे जाते आणि हिमालयाची मुख्य रांग त्याच्या उत्तरेला राहते. म्हणून जाताना डावी बाजू आणि परतताना उजवी. त्या एका प्रवासात एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा ही जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार शिखरे एकामागून एक येतात, आणि उजवीकडे बसलेल्याला त्याच वेळी सपाट प्रदेशावरचे धुके दिसत असते. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून पश्चिमेकडे, म्हणजे ओसाका किंवा फुकुओकाकडे जाणारी विमाने सामान्यतः फुजी पर्वताच्या दक्षिणेकडून जातात. तेव्हा जाताना उजवी खिडकी आणि टोकियोकडे येताना डावी. सिॲटलहून दक्षिणेकडे कॅलिफोर्नियाला जाताना ४,३९२ मीटर उंचीचा माउंट रेनियर आणि त्याच्यामागून येणारे कॅस्केड रांगेतले ज्वालामुखी पूर्वेला, म्हणजे डाव्या हाताला राहतात. ही उदाहरणे पाठ करण्याची गरज नाही. नकाशावर मार्ग ओढावा, जे पाहायचे ते मार्गाच्या कोणत्या हाताला पडते ते पाहावे, एवढीच ती रीत आहे.

मात्र मार्ग ओढताना एक खबरदारी घ्यावी लागते. सपाट नकाशावर पट्टीने काढलेली सरळ रेघ म्हणजे विमानाची वाट नव्हे. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन दूरच्या शहरांमधली सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वाकलेली दिसते, आणि उत्तर गोलार्धात ती उत्तरेकडे झुकते. दुबईहून लॉस एंजेलिसला जाणारे विमान अटलांटिक महासागर आडवा ओलांडत नाही. ते उत्तर ध्रुवाच्या आसपासच्या बर्फावरून जाते. म्हणून लांबच्या प्रवासासाठी मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहते किंवा फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या विमानाने गेल्या आठवड्यात कोणती वाट धरली होती ते बघते. रोजची वाट थोडी बदलते, पण पाचसहा दिवसांच्या रेषा एकाखाली एक पाहिल्या की साधारण पट्टा लक्षात येतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपल्याला हवे ते स्थळ मार्गाच्या बरोबर खाली असेल तर ते कोणत्याच खिडकीतून दिसत नाही, कारण ते विमानाच्या पोटाखाली जाते. अकरा किलोमीटर उंचीवरून अकरा किलोमीटर दूरचे सरोवर पाहायचे तर नजर ४५ अंश खाली वळवावी लागते आणि कपाळ काचेला टेकते. तीस किलोमीटर दूरचे सरोवर मात्र क्षितिजाच्या साधारण वीस अंश खाली, आरामात खिडकीच्या मध्यावर येते. त्या उंचीवरून क्षितिजच सुमारे ३७५ किलोमीटर दूर असते. तेव्हा एखादे शिखर मार्गापासून चाळीस-पन्नास किलोमीटर बाजूला आहे म्हणून हळहळू नये. तेच अंतर सोयीचे असते.

सूर्याविषयी मात्र सावकाश लिहायला हवे, कारण जागा निवडताना बहुतेक जण त्याचा विचारच करत नाहीत. खिडकीची काच म्हणजे खरे तर ॲक्रिलिकचे थर असतात, आणि वर्षानुवर्षांच्या पुसण्याने त्यांवर बारीक ओरखडे पडलेले असतात. सूर्य त्या बाजूला असला की प्रत्येक ओरखडा उजळतो, सगळी खिडकी दुधाळ होते आणि बाहेरचे डोंगर फिकट पडतात. सावलीच्या बाजूला तीच काच स्वच्छ वाटते आणि जमिनीचे रंग भरून येतात. उष्ण कटिबंधाच्या उत्तरेला दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे असतो. तेव्हा पूर्व-पश्चिम प्रवासात उत्तरेकडची खिडकी घ्यावी. त्या कटिबंधाच्या दक्षिणेला याच्या उलट करावे. उत्तर-दक्षिण प्रवासात सकाळी पश्चिमेकडची आणि संध्याकाळी पूर्वेकडची खिडकी चांगली. प्रकाश तिरपा असेल अशा वेळेचे विमान मिळाले तर ते जरूर घ्यावे. भर दुपारी वरून पाहिलेले वाळवंट एका रंगाच्या कापडासारखे दिसते. तेच सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात पाहिले तर प्रत्येक टेकडीची सावली लांब पडते आणि वाळूच्या लाटा मोजता येतात. सकाळच्या विमानाचा आणखी एक फायदा असा की जमीन तापून दुपारचे ढग चढायच्या आत आपण पुढे गेलेले असतो.

सावलीच्या बाजूला बसणाऱ्याला आणखी एक गोष्ट मिळते. डोंगरकड्यावर जाणारे लोक ज्यांना इंद्रवज्र म्हणतात, ती रंगीत वलये विमानाच्या खिडकीतून कड्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा दिसतात. ढगांच्या थरावरून उडताना सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, जिथे विमानाची सावली पडते, तिथे लाल-हिरव्या रंगांची गोल कडी उमटतात. ढगातल्या पाण्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश मागे फिरतो, त्यातून ती तयार होतात. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा विमान नुकतेच ढगांतून वर आले होते. सावली इतकी जवळ होती की तिचे पंख आणि शेपूट वेगवेगळी ओळखता येत होती, आणि वलयांचा मध्य सावलीच्या मधोमध नव्हता. तो पंखाच्या किंचित मागे होता. माझी सीट पंखाच्या मागेच होती. वलयांचा मध्य नेहमी पाहणाऱ्याच्या जागी येतो. पुढच्या ओळीतल्या माणसाला त्याच क्षणी तो सावलीच्या नाकाजवळ दिसत असणार. विमान जसे वर चढत गेले तशी सावली लहान होत होत नाहीशी झाली आणि ढगांवर नुसतीच वलये आमच्याबरोबर धावत राहिली. सूर्याच्या बाजूच्या प्रवाशांनी तोवर उन्हाच्या त्रासाने पडदे ओढून घेतले होते.

सूर्यास्ताच्या वेळी मात्र सूर्याच्या बाजूची खिडकी हवीशी वाटते, आणि ते योग्यच आहे. एका हिवाळ्यात मी युरोपातून अमेरिकेकडे दुपारच्या विमानाने जात होते आणि सूर्य नैऋत्येला राहणार हे ताडून मुद्दाम डावी बाजू घेतली होती. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, पण ६० अंश अक्षांशावर हाच वेग निम्मा, म्हणजे ताशी सुमारे ८३५ किलोमीटर होतो, आणि तो प्रवासी जेट विमानाच्या वेगाच्या अगदी जवळपास आहे. ग्रीनलंडचे दक्षिण टोक साधारण याच अक्षांशावर येते. तिथून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात सूर्य बुडायचा थांबतो. क्षितिजाला टेकलेला तो केशरी गोळा दोन तासांहून अधिक काळ मी पाहत होते. तो ना खाली गेला, ना वर आला, आणि खालच्या हिमखंडांवरची गुलाबी छटाही तशीच टिकून राहिली. त्या वेळी उजवीकडे बसलेल्यांना वेगळेच काही दिसू शकते. सूर्य मावळतो तेव्हा त्याच्या विरुद्ध क्षितिजावर करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा हळूहळू वर येतो आणि त्याच्यावर गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. जमिनीवर इमारती आणि धूळ आड येतात. विमानातून ती सावली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसते.

बाजू ठरली की मग ओळ. मधल्या वाटेच्या ए३२० किंवा ७३७ सारख्या विमानात साधारण दहाव्या ते विसाव्या ओळीच्या दरम्यान पंख खालचा देखावा झाकतो. पंखाच्या पुढच्या ओळी सर्वांत चांगल्या. त्या महाग असतात आणि मला विचाराल तर देखाव्याच्या प्रवासात तेवढे पैसे मोजावेत. पंखाच्या लगेच मागे बसले तर जमीन दिसते, पण पंखाखालच्या इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे देखाव्याचा तो भाग तापलेल्या रस्त्यावरच्या हवेसारखा थरथरतो आणि छायाचित्रे अस्पष्ट येतात. चारपाच ओळी आणखी मागे गेले की हा त्रास पुष्कळ कमी होतो. असे असले तरी पंख म्हणजे अडचणच, असे मला वाटत नाही. उतरताना पंखाच्या मागच्या कडेचे भाग टप्प्याटप्प्याने बाहेर सरकतात, चाके टेकताच वरच्या फळ्या उभ्या राहतात, दमट हवेत पंखावरून वाफेची झालर वाहते. ज्याला विमानात रस आहे त्याने एखाद्या रात्रीच्या प्रवासात मुद्दाम पंखावरची खिडकी घ्यावी.

पंख ज्यांच्या छतावर असतात अशा फिरत्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) विमानांत, म्हणजे एटीआर ७२ किंवा डॅश ८ मध्ये, जवळजवळ प्रत्येक खिडकीतून जमीन मोकळी दिसते आणि ही विमाने खालूनही उडतात. इंजिनाच्या शेजारच्या दोन ओळी तेवढ्या टाळाव्यात. डॅश ८ मध्ये मात्र त्या ओळींचेही आकर्षण आहे, कारण चाके इंजिनाच्या पोटातून बाहेर येतात आणि धावपट्टीला टेकताना डोळ्यांसमोर दिसतात. एटीआरमध्ये प्रवासी बहुधा मागच्या दाराने चढतात, याचा विचार गर्दीत जागा गाठताना करावा. मोठ्या विमानांपैकी बोइंग ७८७ च्या खिडक्या मला सर्वांत आवडतात. त्या सुमारे ४७ सेंटिमीटर उंच असतात आणि त्यांना पडद्याऐवजी काच गडद करणारे बटण असते. अडचण एवढीच की लांबच्या प्रवासात कर्मचारी सगळ्या काचा एकदम गडद करू शकतात, आणि मग भर दिवसा बाहेरचे जग निळ्या शाईत बुडाल्यासारखे दिसते.

उतरताना कोणती बाजू चांगली, याचे उत्तर वाऱ्यावर अवलंबून असते. विमाने वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उतरतात, म्हणून एकाच धावपट्टीवर कधी एका टोकाने तर कधी दुसऱ्या टोकाने उतरतात. धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे होकायंत्रातल्या अंशांचा दहावा भाग असतो: ०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड, आणि तिचेच दुसरे टोक २७, म्हणजे पश्चिमेकडे. शहर धावपट्टीच्या उत्तरेला असेल तर ०९ वर उतरताना ते डावीकडे दिसेल आणि २७ वर उतरताना उजवीकडे. निघण्याच्या दिवशी तिथे वारा कुठून आहे ते पाहिले आणि आधीची विमाने कोणत्या टोकाने उतरत आहेत ते फ्लाइटरडारवर बघितले की बऱ्यापैकी अंदाज येतो. मात्र उतरण्याची वीस मिनिटे आणि वाटेतला तासभर यांत निवड करायची वेळ आली तर मी वाटेची बाजू धरते, कारण वारा ऐनवेळी फिरतो आणि डोंगर जागचे हलत नाहीत.

रात्रीच्या प्रवासात उत्तरेकडची खिडकी घेण्याचे एक भक्कम कारण आहे. उत्तर अमेरिकेतून युरोपकडे रात्री पूर्वेला जाणारी विमाने ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याजवळून जातात. तेव्हा डावी बाजू घ्यावी, आणि सप्टेंबर ते मार्च या काळात घ्यावी, कारण उन्हाळ्यात तिथे पुरेसा अंधारच होत नाही. डोळ्यांना तो प्रकाश बरेचदा राखाडी ढगासारखा वाटतो. शंका आली की फोनच्या कॅमेऱ्याने दोनतीन सेकंदांचे छायाचित्र काढावे, हिरवा रंग लगेच उमटतो. यासाठी डोक्यावरचा दिवा बंद करून, अंगातले जाकीट डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढून घ्यावे आणि पाचदहा मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. शेजारच्याला आधी सांगून ठेवले की तोही उत्सुकतेने वाकून पाहतो, असा माझा अनुभव आहे.

बाकीच्या तयारीत मी तीन गोष्टी कधी चुकवत नाही. त्या प्रदेशाचा नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घेते. एअरप्लेन मोडमध्येही फोनचा जीपीएस खिडकीशी धरला की बहुधा चालतो, आणि खालची नदी कोणती ते नावानिशी कळते. गडद रंगाचा सदरा घालते, म्हणजे काचेत माझेच प्रतिबिंब पडत नाही. पोलराइज्ड गॉगल पिशवीत ठेवते, कारण त्यातून पाहिले की खिडकीच्या प्लॅस्टिकवर जांभळे-हिरवे पट्टे दिसतात आणि देखावा बिघडतो. कॅमेरा काचेजवळ धरावा, पण टेकवू नये. टेकवला की विमानाची थरथर चित्रात उतरते.

एवढे सगळे करूनही कधी कधी पूर्ण वाटभर ढग असतात. मागच्या प्रवासात तसेच झाले: बाजू बरोबर होती, ओळ बरोबर होती, आणि तीन तास बाहेर पांढऱ्याखेरीज काही नव्हते. तेव्हा मी खिडकीच पाहत बसले. तिच्यात एकामागे एक असे तीन थर असतात आणि मधल्या थराच्या तळाशी टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र असते. त्यातून दोन थरांमधला दाब सारखा राहतो आणि काचेवर बाष्प साचत नाही. त्या छिद्राभोवती आधी धुरकट ठिपका आला, मग त्यातून एक सुई फुटली, तिला दोन्ही बाजूंनी पिसासारखे बारीक काटे आले, आणि अर्ध्या तासात रुपयाएवढे बर्फाचे एक फूल तयार झाले. विमान उतरू लागल्यावर ते कडेकडून विरघळत आत आले, आणि शेवटचा ठिपका जाता जाता ढगांखाली पहिल्यांदा एक ओला रस्ता दिसला.